फेरिटिन भरपूर, तरी हिमोग्लोबिन का चढत नाही? या चुका टाळा

"फेरिटिन आठशे आहे, लोह बंद करा." डायलिसिस युनिटमध्ये हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. रक्ततपासणीतलं फेरिटिन अंगातल्या लोहाचा साठा दाखवतं हे खरं, पण अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असला तरी ते वाढतं. त्याच वेळी यकृत हेप्सिडिन नावाचं हॉर्मोन जास्त बनवतं आणि पेशींमधून लोह बाहेर पडायची वाट, म्हणजे फेरोपोर्टिन, बंद होते. कोठार भरलेलं, पण दाराला कुलूप. रक्त बनवणारी अस्थिमज्जा उपाशीच राहते.

म्हणून टीसॅट, म्हणजे रक्तात वापरायला हाताशी असलेल्या लोहाची टक्केवारी, शेजारी असल्याशिवाय मी फेरिटिनचा आकडा वाचतच नाही. सीरम आयर्न (रक्तातलं लोह) भागिले टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची एकूण क्षमता), गुणिले 100. हे 20 टक्क्यांखाली असेल तर फेरिटिन कितीही असो, रक्त बनवायला लोह पोहोचत नाहीये असं धरून पुढचा शोध घ्यायचा.

एक पेशंट आमच्याकडे आले तेव्हा हिमोग्लोबिन 7.9, फेरिटिन 860, टीसॅट 13. आधीच्या ठिकाणी लोह थांबवून ईपीओचा, म्हणजे लाल पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनचा, डोस वाढवत नेला होता. बीपी चढलं, हिमोग्लोबिन मात्र जागचं हललं नाही. पेशंटच्या पत्नीला विचारलं तर म्हणाल्या, "मशीन लावलं की अर्ध्या तासात यांना हुडहुडी भरते." ते कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. मानेतल्या कॅथेटरची (डायलिसिसच्या नळीची) पट्टी काढली तर कडेला पू. कल्चर पाठवलं, अँटिबायोटिक दिली, कॅथेटर बदललं. संसर्ग पूर्ण गेल्यावरच शिरेतून लोह सुरू केलं, कारण अंगात संसर्ग असताना ते देऊ नये. पुढे ईपीओच्या कमी डोसवरही हिमोग्लोबिन 10 च्या वर गेलं.

दुसरी चूक उतावीळपणाची. ईपीओ सुरू केल्यावर आठवड्यात आकडा हलला नाही म्हणून नवखे लोक लगेच डोस वाढवतात. लाल पेशी तयार व्हायला वेळ लागतो. चार आठवड्यांच्या आत मी डोस वाढवू देत नाही. आणि हिमोग्लोबिन 13 चा हट्ट तर नकोच. डायलिसिसवर नसलेल्या मधुमेही किडनीरुग्णांवरच्या ट्रीट अभ्यासात (2009) 13 चं लक्ष्य ठेवलेल्या गटात पक्षाघाताचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. 10 ते 11.5 पुरे.

लोहाचं इंजेक्शन दिल्यावर आठवडाभर तरी लोहाच्या तपासण्या करू नका, आकडे फसवे येतात.

लोहाची गोळी फॉस्फरस कमी करणाऱ्या गोळीबरोबर घेऊ नका.

ईपीओ 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवा. गोठलेलं किंवा जोरात हलवलेलं वापरू नका.

प्रत्यारोपणाच्या यादीतल्या पेशंटला, जीवावर बेतलेलं नसेल तर, उगाच रक्त चढवू नका. परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या की जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं.

डायलिसिसच्या शेवटच्या दहा मिनिटांतली घाई मला अजिबात खपत नाही. रक्त नीट परत न देता लाइन काढली की डायलायझरमध्ये (रक्त गाळणाऱ्या फिल्टरमध्ये) राहिलेलं रक्त, आणि त्यातलं लोह, सरळ कचऱ्यात जातं. डायलायझर लालसर दिसला तर चार्टवर लिहा आणि हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) डोसबद्दल डॉक्टरांना विचारा.