एनटीपी प्रोव्हायडरवर काम सुरू करताय? थोडं अनुभवातून

सिस्टिम्स मॅनेजमेंटच्या टीममध्ये नवीन माणूस आला की वेळेच्या सेटिंगचा प्रोव्हायडर, म्हणजे मशीनची सेटिंग वाचून-बदलून मॅनेजमेंट सॉफ्टवेअरला कळवणारा कोड, बऱ्याचदा त्याच्याकडे येतो. एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायचा प्रोटोकॉल. काम वरून छोटं दिसतं: कॉन्फिग फाइलमध्ये तीन-चार सर्व्हरची नावं लिहायची, सर्व्हिस रीस्टार्ट करायची, झालं. मी या कामात बरीच वर्षं आहे आणि नव्या माणसाला सुरुवातीला हेच द्यावं असं मलाही वाटतं. मात्र ते सोपं आहे म्हणून नाही. ‘सेटिंग लागली’ आणि ‘वेळ जुळली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे जितकं लख्ख दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्याही प्रोव्हायडरमध्ये दिसत नाही.

प्रोव्हायडर कुठे बसतो ते आधी बघू. हजारो मशीन सांभाळणाऱ्या कन्सोलला प्रत्येक मशीनवर वेळ जुळवायला एनटीपीडी चालतोय, क्रॉनी चालतोय की सिस्टिमडीचा टाइमसिंकडी, याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला एकाच साच्यात प्रश्न विचारायचा असतो. डीएमटीएफ या संस्थेचं सीआयएम (कॉमन इन्फर्मेशन मॉडेल) हा त्यातला जुना आणि पक्का साचा. मशीनवर सीआयएमओएम नावाचा मध्यस्थ चालतो, उदाहरणार्थ ओपनपेगासस किंवा एसएफसीबी. तो ५९८८ किंवा टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) असेल तर ५९८९ पोर्टवर विनंती घेतो आणि योग्य प्रोव्हायडरकडे देतो. प्रोव्हायडर ही बहुधा सीएमपीआय इंटरफेसवर लिहिलेली शेअर्ड लायब्ररी असते आणि तिच्या क्लासचं वर्णन एमओएफ फाइलमध्ये असतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी हेच काम रेडफिश या स्टँडर्डमधून किंवा अँसिबल या ऑटोमेशन साधनाच्या रोलमधून होतं. नावं बदलली तरी आतले प्रश्न तेच राहतात, त्यामुळे एक नीट शिकलात की दुसऱ्यात हात लवकर बसतो.

सीआयएममध्ये एक गोष्ट फार विचारपूर्वक केलेली आहे आणि नवीन माणूस ती हमखास वगळून पुढे जातो. सेटिंगसाठी ‘सेटिंगडेटा’ हा वेगळा क्लास आहे आणि प्रत्यक्ष चालणाऱ्या गोष्टीसाठी वेगळा. ज्या गोष्टी चालू-बंद होतात त्यांच्यात ‘रिक्वेस्टेडस्टेट’ आणि ‘एनेबल्डस्टेट’ अशा दोन प्रॉपर्टी असतात: मागितलेली स्थिती आणि असलेली स्थिती. दोन्हीत एकच किंमत भरून मोकळं व्हायचा मोह होतो. तो टाळा. कन्सोलसमोर बसलेल्या माणसाला या दोन किमतींमधला फरकच तर हवा असतो.

कोडला हात लावण्याआधी प्रोटोकॉल हाताने करून बघा. डेलावेअर विद्यापीठाच्या डेव्हिड मिल्स यांनी एनटीपीची रचना केली. १९८५ मध्ये आरएफसी ९५८ आला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज), आणि आज वापरात असलेली चौथी आवृत्ती २०१० च्या आरएफसी ५९०५ मध्ये आहे. सगळा दस्तऐवज पहिल्या आठवड्यात वाचून काढायची गरज नाही. चार वेळांचं गणित मात्र कागदावर करा. समजा क्लायंटने स्वतःच्या घड्याळाप्रमाणे ० मिलिसेकंदाला पॅकेट पाठवलं. सर्व्हरला ते त्याच्या घड्याळाप्रमाणे ५३० ला मिळालं, त्याने ५३१ ला उत्तर पाठवलं आणि क्लायंटकडे ते ६१ ला पोचलं. जाण्यायेण्याचा वेळ ६१ वजा सर्व्हरकडे गेलेला १, म्हणजे ६० मिलिसेकंद. घड्याळांमधला फरक ५३० आणि ४७० यांची सरासरी, म्हणजे ५००. क्लायंट अर्धा सेकंद मागे आहे. जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखाच आहे असं या गणिताने गृहीत धरलंय. तसं नसेल तर चूक जास्तीत जास्त ६० च्या निम्मी, म्हणजे ३० मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकते. हे एकदा हाताने केलं की ‘ऑफसेट’ आणि ‘डिले’ हे आकडे प्रोव्हायडरमधून वर पाठवताना आपण नेमकं काय सांगतोय ते कळतं.

पहिले काही दिवस प्रोव्हायडरची फक्त वाचायची बाजू लिहा, असं मी आवर्जून सांगतो. बदल करणारं काहीही नको. वाचायची बाजू दिसते त्यापेक्षा बरीच खोल आहे. ‘टाइमडेटसीटीएल’ ही कमांड चालवून बघा: एनटीपी सर्व्हिस चालू आहे का, याची एक ओळ आणि सिस्टिमचं घड्याळ जुळलेलं आहे का, याची दुसरी ओळ. पहिलीत ‘ॲक्टिव्ह’ आणि दुसरीत ‘नो’ असं चित्र अगदी नेहमी दिसतं. फायरवॉलने एनटीपीचा पोर्ट, यूडीपी १२३, अडवलेला असतो, डीमन (मागे चालत राहणारी सर्व्हिस) बिचारा चालूच असतो. सर्व्हिस चालू आहे एवढ्यावर ‘सगळं ठीक’ म्हणणारा प्रोव्हायडर इथे खोटं बोलतो.

सर्व्हरने अलीकडे उत्तरं दिली का, ते सांगणारा रीच हा आकडाही असाच समजून घ्या. ‘एनटीपीक्यू’ किंवा ‘क्रॉनीसी सोर्सेस’च्या तक्त्यात तो ३७७ दिसतो आणि नव्यांना ती टक्केवारी किंवा मोजणी वाटते. ते आठ बिटांचं रजिस्टर आहे, ऑक्टलमध्ये (आठच्या पटीतल्या अंकपद्धतीत) छापलेलं. प्रत्येक पोलनंतर, म्हणजे सर्व्हरला वेळ विचारल्यावर, सगळे बिट एक घर डावीकडे सरकतात आणि उत्तर आलं असेल तर उजवीकडे १ येतो. ३७७ म्हणजे शेवटच्या आठही वेळा उत्तर आलं. सर्व्हर गायब झाला की हा आकडा ३७६, ३७४, ३७०, ३६० असा उतरत शेवटी शून्यावर येतो. आता पोलची मुदत १०२४ सेकंदांवर स्थिरावली असेल तर शून्य व्हायला आठ पोल, म्हणजे ८१९२ सेकंद लागतात, सव्वादोन तासांपेक्षा थोडं जास्त. ‘रीच शून्य नाही म्हणजे सर्व्हर उपलब्ध’ असा नियम कोडमध्ये लिहिलात तर तेवढा वेळ कन्सोलवर हिरवा दिवा राहील. म्हणून शेवटचा बिट आणि शेवटच्या चांगल्या उत्तराला किती वेळ झाला हे दोन्ही वर पाठवा, निर्णय वरच्याला घेऊ द्या. आणि क्रॉनीसीचं माणसांसाठीचं आउटपुट कापत बसू नका. ‘-सी’ हा ऑप्शन दिला की तेच स्वल्पविरामांनी वेगळं केलेलं मिळतं. रकान्यांच्या रुंदीवर बेतलेला पार्सर पुढच्या आवृत्तीत मोडतो.

फाइल वाचणंही सरळ नसतं. ‘सर्व्हर’ आणि ‘पूल’ या ओळी दिसायला सारख्या, पण ‘पूल’मधल्या एका नावातून अनेक पत्ते निघतात. क्रॉनीच्या मुख्य फाइलमधून दुसऱ्या फाइली आणि सोर्सच्या डिरेक्टरी जोडलेल्या असू शकतात. मशीनला आयपी पत्ता देणाऱ्या डीएचसीपीच्या ४२ क्रमांकाच्या ऑप्शनमधून आलेला सर्व्हर मुख्य फाइलमध्ये नसतोच, तरी डीमन तो वापरत असतो. त्यामुळे ‘या मशीनवर कोणते सर्व्हर आहेत’ याला दोन उत्तरं असतात: लिहिलेले आणि वापरातले. दोन्ही द्या, वेगळ्या नावांनी द्या.

लिहायच्या बाजूला आलात की एक शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा: जी ओळ आपल्याला कळत नाही ती आहे तशी ठेवायची. कॉमेंट, ओळींचा क्रम, कुणीतरी हाताने घातलेलं ‘रिस्ट्रिक्ट’, सगळं. त्या सिस्टिम ॲडमिनने ती ओळ कारणाशिवाय घातलेली नसते. मी रिव्ह्यूला बसलो की आधी हे बघतो: फाइल वाचली, काहीही न बदलता परत लिहिली, तर ती बाइटन् बाइट तशीच राहते का? या एका टेस्टमध्ये निम्मे दोष सापडतात. नवी फाइल त्याच डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने लिहा, डिस्कवर पोचली याची खात्री करा, परवानग्या आणि एसईलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेचं लेबल जुळवा आणि मग नाव बदला. मध्येच वीज गेली तर जुनी फाइल शाबूत राहते. मागितलेली यादी आणि असलेली यादी एकच असेल तर काहीच करू नका, सर्व्हिस रीस्टार्टही नको. रीस्टार्टने डीमनने जमवलेली मोजमापं सहसा जातात आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नुसते सोर्स बदलायचे असतील आणि ते सोर्सच्या डिरेक्टरीत ठेवले असतील, तर क्रॉनीला ते चालू असतानाच परत वाचायला सांगता येतं.

घड्याळ दुरुस्त कसं होतं, हेही माहीत हवं. लहान फरक हळूहळू काढला जातो, मोठ्यासाठी उडी मारली जाते. एनटीपीडीमध्ये ही सीमा मुळात १२८ मिलिसेकंदांची आहे, आणि फरक १००० सेकंदांपेक्षा जास्त असेल तर तो काही न करता बंद पडतो. क्रॉनीत ‘मेकस्टेप १.० ३’ अशी ओळ सापडेल: पहिल्या तीन अपडेटमध्ये फरक एका सेकंदापेक्षा जास्त असेल तरच उडी. चालू डेटाबेसच्या मशीनवर घड्याळ मागे उडी मारतं तेव्हा काय होतं, ते त्या डेटाबेसवाल्यांना जाऊन विचारा. एवढ्या संभाषणातून जे कळेल ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही.

याच कारणाने प्रोव्हायडरच्या स्वतःच्या कोडमध्ये टाइमआउट मोजायला भिंतीवरचं घड्याळ, म्हणजे सिस्टिमची वेळ, कधीही वापरू नका. आपणच ती बदलायला निघालोय. घड्याळ तासभर पुढे गेलं की दहा सेकंदांचा टाइमआउट त्याच क्षणी संपतो. मोनोटॉनिक घड्याळ, जे सिस्टिमची वेळ बदलली तरी उडी मारत नाही, त्यासाठीच आहे. असाच दुसरा पेच टीएलएसचा. मशीनची वेळ वर्षभर मागे असेल तर सर्टिफिकेट ‘अजून लागू झालेलं नाही’ असं ठरतं आणि ज्या जोडणीवरून वेळ दुरुस्त करायची तीच होत नाही. कर्बेरॉस या ओळख तपासणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये तर मुळात पाचच मिनिटांचा फरक चालतो. म्हणून नव्या मशीनवर वेळेची सेटिंग मॅनेजमेंटच्या जोडणीआधी, इन्स्टॉलच्या टप्प्यातच लागलेली असावी.

किती सर्व्हर मागावेत, यावर वाद होतात. माझं मत ठाम आहे: चार. दोन असले आणि त्यांचं एकमेकांशी जुळलं नाही, तर खोटा कोणता ते ठरवता येत नाही. २०१९ च्या आरएफसी ८६३३ मध्येही किमान चारचीच शिफारस आहे. प्रोव्हायडरने दोनची यादी नाकारू नये, पण इशारा जरूर द्यावा. आणि डीफॉल्ट म्हणून दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरचा पत्ता कोडमध्ये पक्का बसवू नये. २००३ मध्ये एका कंपनीच्या घरगुती राउटरांमध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या सर्व्हरचा आयपी पत्ता असाच बसवलेला होता. उत्तर आलं नाही की ते राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारायचे, आणि विद्यापीठाच्या नेटवर्कवर पॅकेटांचा लोंढा आला. विकलेल्या राउटरमधला पत्ता परत कोण बदलणार?

टेस्टिंगसाठी कंटेनरवर विसंबू नका. कंटेनरला स्वतःचं वेगळं घड्याळ नसतं, तो होस्टच्या कर्नलचीच वेळ वापरतो. व्हर्च्युअल मशीन घ्या, आणि हायपरवायझरचं (ती मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) स्वतःचं टाइम सिंक आधी बंद करा, नाहीतर दोघे मिळून एकच घड्याळ ओढत बसतात. मग मुद्दाम बिघाड करा: १२३ पोर्ट अडवा, घड्याळ दोन तास मागे न्या, चारपैकी एका सर्व्हरला चुकीची वेळ द्यायला लावा. प्रत्येक वेळी प्रोव्हायडर काय सांगतो आणि खरं काय आहे, ते दोन रकान्यांत लिहून ठेवा.

मुलाखतीला येणाऱ्यांकडूनही मी हेच ऐकायला उत्सुक असतो. सी येतं, पायथन येतं, हे बायोडेटात दिसतंच. मी विचारतो, “मॉडिफाय इन्स्टन्सची, म्हणजे सेटिंग बदलायची, विनंती आली, फाइल लिहिली गेली, पण डीमन सुरूच झाला नाही, कन्सोलला काय कळवाल?” काही जण ‘सक्सेस’ म्हणतात, काही ‘एरर’ म्हणून फाइल जुन्यावर नेतात. दुसरं उत्तर मला जवळचं वाटतं. पण जो उमेदवार आधी विचारतो की बदल करण्यापूर्वी डीमन चालू होता का, त्याच्याशी माझं बोलणं लांबतं.