आधी डोक्यातली घाण काढ

आयटीआय करून रत्नागिरीजवळच्या एका गॅरेजात लागलो आणि पहिल्याच आठवड्यात ग्रासकटरच्या सायलेन्सरचा बोल्ट मोडला. मशीन आंब्याच्या बागेतलं. गवत काढून झाल्यावर पडवीत टाकलेलं, ते थेट जूनमध्ये आमच्याकडे आलेलं. ॲलन की (षटकोनी खाचेत घालायची चावी) घातली, जोर लावला, तर चावी गर्रकन फिरली आणि बोल्टाची खाच आतून गोल झाली. मग इरेला पेटून छिन्नीने ठोकला, तर डोकंच उडालं.

काका (मालकांना सगळे काकाच म्हणायचे) ओरडले नाहीत. शेजारच्या बोल्टाकडे बोट दाखवून म्हणाले, "आधी त्याच्या डोक्यातली घाण काढ."

ॲलनच्या खाचेत कार्बन आणि मातीचा अक्षरशः दगड होतो. आपल्याला वाटतं चावी पूर्ण बसली, पण ती अर्ध्यावरच टेकलेली असते. सायकलच्या स्पोकला टोक काढून मी ती खाच तळापर्यंत खरवडली, चावी हातोडीने हलकेच ठोकून बसवली. दुसरा बोल्ट निघाला.

जाम स्क्रू दिसला की आधी तो कशाने धरलाय ते बघा. लोखंडात लोखंड असेल तर गंज. तिथे गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मधूनमधून डोक्यावर टकटक करा. घाई केलीत तर तेल आत पोचतच नाही. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये लोखंडी बोल्ट असेल तर गोष्ट वेगळी. खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी भुकटी फुगून आट्यांत घट्ट बसते. इथे नुसत्या तेलाने भागत नाही, उष्णता लागते. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून ब्लॉक तापला की भोक बोल्टापेक्षा जास्त मोठं होतं. मी हॉट एअर गन वापरतो. टाकी आणि कार्बोरेटर आधी उतरवायचे, आणि तेल मारलेल्या जागी ज्योत न्यायची नाही. काही चेनसॉची बॉडी मॅग्नेशियमची असते. तिला तर ज्योत दाखवूच नका.

फुलीचे स्क्रू हा वेगळाच ताप. जपानी बनावटीच्या इंजिनांवर बऱ्याचदा जेआयएस (जपानी मानक) मापाची फुली असते. दिसायला फिलिप्ससारखीच (आपल्याकडची नेहमीची फुली), पण फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, जोर लावला की वर उसळतो आणि फुली खातो. जेआयएसचा एक ड्रायव्हर विकत घ्याच. टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली तर पकड वाढते. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) स्क्रूला हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर (मागून हातोडी मारली की टोक थोडं फिरतं तो) बेस्ट, पण कार्बोरेटरवर तो चालवू नका, कान तुटतो.

फिरवताना हाताला काय लागतंय तिकडे लक्ष द्या. 'कट्ट' असा आवाज आला तर सुटला. रबरासारखा पिळतोय असं वाटलं तर तिथेच थांबा, तो मोडायच्या बेतात आहे. परत थोडा आवळा, तेल, थोडा सोडा. पाव पाव फेरा मागेपुढे करायला अर्धा तास गेला तरी चालेल.

मोडलाच आणि थुटका बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगची धगही कामाला येते. आतच मोडला असेल तर नेमका मधोमध सेंटर पंच मारून बारीक बिटने सुरुवात करा. ईझी आउट (मोडका बोल्ट काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) बिगारी हाताने लावूच नये, असं माझं मत. तो आत मोडला की साधं ड्रिल त्याला लागत नाही, आणि मग टर्नरच्या पाया पडावं लागतं. त्यापेक्षा ६ मिमीच्या बोल्टात ५ मिमीचं बिट सरळ नेऊन टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) आटे साफ करावेत. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांसाठी भोकात बसवायची तारेची गुंडाळी.

बसवताना सायलेन्सरच्या बोल्टांना कॉपर ग्रीस लावतो. पुढच्या पावसाळ्यानंतर मलाच ते काढायचे असतात.

त्या पहिल्या मशीनला हेलिकॉइल घालावी लागली. गिऱ्हाइकाच्या बिलात काकांनी ती लावली नाही, माझ्या पगारातून कापली.