वेल्सच्या पद्धतीची नक्षीदार मातीची थाळी कशी करावी

दक्षिण वेल्समध्ये ब्रिजेंडजवळ एवेनी नावाचं गाव आहे. तिथली पॉटरी १६१० पासून चालू असल्याचं सांगतात. लाल मातीच्या भांड्यावर पांढऱ्या मातीचा पातळ थर (याला स्लिप म्हणतात) द्यायचा आणि तो ओरखडून खालची लाल माती उघडी करायची, ही तिथली खासियत. लग्नाबारशाला देण्याच्या भांड्यांवर नाव आणि साल कोरलेलं असे. नाताळच्या सुमारास मसालेदार पेय वाटायला अनेक कानांचे मोठे वाडगे केले जात, त्यांच्या झाकणांवर पक्षी-प्राणी बसवलेले असत. आपण मात्र साध्या थाळीपासूनच सुरुवात करावी.

लाल माती नीट मळून साधारण ७ मिमी जाडीची पोळी लाटा. उथळ प्लास्टरच्या साच्यात ती हलक्या हाताने बसवा आणि कडा कापून ओल्या स्पंजाने गुळगुळीत करा.

स्लिप आदल्या दिवशीच करून ठेवा. बॉल क्ले (चिकट, भाजल्यावर पांढरट होणारी माती) आणि थोडी चायना क्ले (बारीक पांढरी माती) पाण्यात रात्रभर भिजू द्या, ढवळून ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) चाळणीतून दोनदा गाळा. दाटपणा बासुंदीइतका हवा. लाल आणि पांढरी माती सुकताना सारख्याच प्रमाणात आकसली पाहिजे, नाहीतर थर पोपडे धरून निघतो. म्हणून आधी एका तुकड्यावर करून बघाच. हा कंटाळा करणाऱ्याची थाळी भट्टीतून बाहेर आल्यावर रडवते.

आता खरी कसोटी वेळेची. थाळी अशी वाळलेली हवी की नखाने खूण उमटते, पण उचलली तर वाकत नाही. त्याहून ओली असेल तर स्लिपच्या पाण्याने ती खचते. फार सुकली असेल तर थर सुटतो. आत स्लिप ओता, थाळी फिरवून सगळीकडे पसरवा, उरलेली लगेच ओतून काढा. मग थांबा. ओली चकाकी गेली आणि बोटाला पांढरं लागेनासं झालं की कोरायला घ्या.

बांबूची टोकदार काडी पुरते. पक्षी, फांदी, नाव, साल, काहीही चालेल, पण रेघ एका दमात ओढा. जुन्या एवेनीच्या भांड्यांवरच्या रेघा वाकड्यातिकड्या असल्या तरी त्यांत घाईचा जिवंतपणा आहे. पट्टी लावून काढलेल्या नक्षीत तो येत नाही, असं माझं ठाम मत. कोरताना निघालेली मातीची कड ओली असताना पुसू नका, पांढऱ्यावर लाल डाग पसरतात. पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने झाडा.

उत्तरेकडच्या बकली गावातले कुंभार स्लिपची धार सोडूनही नक्षी काढत. त्यासाठी बारीक तोंडाचा रबरी फुगा मिळतो.

थाळी सावलीत, सैल प्लास्टिकखाली आठवडाभर सुकू द्या. पहिली भाजणी सुमारे १००० अंश सेल्सिअसला. मग पारदर्शक ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), आणि दुसरी भाजणी ग्लेझच्या डब्यावर लिहिलेल्या तापमानाला. जुन्या भांड्यांचा मधासारखा पिवळा रंग शिशाच्या ग्लेझमध्ये उतरलेल्या लोहामुळे येई. शिसं विषारी आहे, तेव्हा शिसेविरहित ग्लेझच घ्या आणि त्यात २ टक्के लाल आयर्न ऑक्साइड मिसळा, रंग जवळपास तसाच येतो. थाळीत जेवायचं असेल तर ग्लेझ खाद्यपदार्थांसाठी सुरक्षित असल्याचं आधी तपासा. जुन्या बाजारातून आणलेल्या खऱ्या वेल्श थाळीत मात्र लिंबू, लोणचं असं आंबट काही वाढू नका, ती भिंतीवरच बरी.