तोंडातला चट्टा ते पहिला उपचार: पेशंट मध्येच सुटू नये म्हणून

आशाताईंनो, मी माण तालुक्यात आशा आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म, म्हणजे बीपी, शुगर, कॅन्सरचा धोका ओळखायची प्रश्नावली, आपण भरतो. पण बाई सुटते ती फॉर्म भरल्यानंतर.

आमच्याकडे बायका मिश्री लावतात. म्हणून मी आधी चूळ भरायला लावते, कारण काळा थर गेल्याशिवाय आत काही दिसत नाही. मग दारातल्या उजेडात बसवते आणि बॅटरी धरते. गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि मिश्री दाबून धरायची ती खाच नीट बघा. तिचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का तेही बघा. ‘कॅन्सर’ शब्द काढू नका. ‘ठेचा झोंबतो का गं?’ असं विचारलं की ती बोलते. पांढरा किंवा लाल चट्टा, जखम किंवा गाठ दोन आठवड्यांत गेली नसेल, तर उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमकडे न्यायचं. निदान आपण करायचं नाही.

स्तनाची तपासणीही टाळू देऊ नका. ‘नुसत्या हातानं काय कळतंय?’ असं कुणी म्हणालं तर मुंबईचं सांगा. टाटा हॉस्पिटलनं 1998 पासून वीस वर्षं सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी हातानंच तपासलं, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले.

आता खरी वाट. आमच्या एका आक्कांच्या चट्ट्याचा तुकडा (बायोप्सी) तपासायला गेला. ‘रिपोर्ट आला की फोन करू’ असं सांगितलं होतं. नंबर मुंबईतल्या मुलाचा होता आणि तो बंद. रिपोर्ट तीन आठवडे दवाखान्याच्या खिडकीवर पडून राहिला. ते तीन आठवडे मला अजून टोचतात. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे चार तारखा असतात: पाठवलं कधी, तुकडा घेतला कधी, रिपोर्ट हातात कधी, उपचार सुरू कधी. नंबर दोन घेते, त्यातला एक शेजारणीचा. आठव्या दिवशी मीच फोन करते.

रिपोर्टची वाट बघताना कागद जुळवून ठेवा. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण रेशन कार्डावर ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’ असेल तर तिथंच अडतं. ते आधी दुरुस्त करून घ्या. दवाखान्यात पहिल्यांदा आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा, पैसे भरल्यावर नाही. मुंबईला टाटाला जायचं असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. तुकड्याच्या काचेच्या स्लाइड आणि तुकडा जपलेला मेणातला ब्लॉक मागून घ्या आणि उन्हात ठेवू नका, मेण वितळतं. डॉक्टरांकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून घ्या. स्लीपरला पेशंटचं तिकीट फुकट होतं, सोबतच्याला 75 टक्के सूट मिळते.

आणि घरी बसून एक बोलणं करा, सासूसमोर. शेक (रेडिएशन) द्यायचे ठरले तर बहुतेकदा आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे जातात. तेवढे दिवस म्हशीची धार कोण काढणार, पोरांचे डबे कोण करणार, ते नावानिशी ठरवा. आक्कांच्या जावेनं म्हैस स्वतःच्या गोठ्यात नेऊन बांधली, तेव्हा कुठं आक्का एसटीत बसल्या.