पार्किन्सन्सच्या प्रयोगात फ्लुरोसंट प्रोब वापरताय? या चुका टाळा

सोलापूर आणि आसपासच्या कॉलेजांतून दर वर्षी ठरलेला प्रकल्प येतो: हळद नाहीतर डाळिंबाची साल, आणि ती पार्किन्सन्सवर कशी गुणकारी. सांगोल्याची डाळिंबं हाताशी आहेत, तेव्हा विषयाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती कंट्रोल (तुलनेचा नमुना) न लावता काढलेल्या चकचकीत फोटोंबद्दल.

सगळ्यात जास्त घोळ थायोफ्लेविन टी हा चमकणारा डाय, म्हणजे प्रोब, घालतो. पार्किन्सन्समध्ये मेंदूत साचणाऱ्या अल्फा-सायन्यूक्लिन या प्रोटीनच्या तंतूंना चिकटला की हा डाय 450 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश घेऊन 482 च्या आसपास चमकतो. बार्शीचा एक मुलगा आनंदाने उड्या मारतच आला. "सर, हळदीतलं कर्क्युमिन टाकलं की चमक निम्म्यावर! तंतू विरघळतात."

"किती वेळात?"

"लगेच, सर."

तिथेच माशी शिंकली. त्याला समोर बसवून पुन्हा करायला लावलं. तयार तंतूंच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) त्याने कर्क्युमिन सोडलं, प्लेट रीडरमध्ये सरकवली आणि पहिल्याच रीडिंगला आकडा कोसळलेला. जे तंतू 37 अंशांवर दिवसेंदिवस हलवून तयार केले, ते पिपेट खाली ठेवेपर्यंत विरघळले? कर्क्युमिन 425 च्या आसपासचा प्रकाश स्वतःच पिऊन टाकतं, डायच्या वाट्याला कमी येतो. वर स्वतः हिरवट चमकतं ते वेगळंच. पोराचा चेहरा पडला, आख्खं प्रकरण रद्द झालं.

माझी सवय अशी: डाय फ्रीझरमधून काढायच्या आधी औषधाचा स्वतःचा स्पेक्ट्रम घ्यायचा, म्हणजे ते कुठला प्रकाश पितं आणि कुठला सोडतं ते बघायचं. मग नुसतं औषध, औषध आणि डाय, आणि पूर्ण तयार तंतूंवर शेवटी औषध टाकून लगेच रीडिंग. शेवटी सेंट्रिफ्यूज करून वर उरलेलं, म्हणजे विरघळलेलं प्रोटीन जेलवर बघायचं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मिळाला तर सोन्याहून पिवळं. एवढं सांगितलं की "सर, सबमिशन जवळ आलंय" सुरू होतं. सबमिशन दर वर्षीच असतं.

पेशीतलं ऑक्सिडेशन दाखवणाऱ्या डीसीएफ या डायची गत वेगळी. त्याची चमक वाढली म्हणून "हायड्रोजन पेरॉक्साइड वाढलं" असं बेधडक लिहू नका. पेरॉक्साइडशी तो थेट जवळजवळ प्रक्रियाच करत नाही, मध्ये लोह किंवा पेरॉक्सिडेज हे एन्झाइम लागतं. मरणाऱ्या पेशीत मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी हे प्रोटीन बाहेर पडतं, तेही डायला ऑक्सिडाइझ करतं. प्लेट खिडकीपाशी ठेवून चहाला गेलात तर उजेडही तेच काम करतो. सीरममधली एन्झाइम्स डाय पेशीबाहेरच तोडतात, म्हणून लोडिंग सीरमशिवाय करा. आणि डाळिंबातले पॉलिफेनॉल कल्चर मीडियममध्ये आपणच पेरॉक्साइड तयार करू शकतात, तेव्हा पेशी नसलेली एक वेल हवीच.

मायटोसॉक्स हा मायटोकॉन्ड्रियातलं सुपरऑक्साइड शोधायचा डाय, पण त्याची लाली म्हणजे सुपरऑक्साइडच, असं नाही. खात्री एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) करा. डोस जास्त झाला की डाय केंद्रकात जातो.

पार्किन्सन्ससारखं नुकसान घडवायला वापरतात ते 6-ओएचडीए हे विष गुलाबी-तपकिरी, म्हणजे ऑक्सिडाइझ झालं की फेकून द्या. ते टिकावं म्हणून त्यात ॲस्कॉर्बिक ॲसिड घालत असाल, तर कंट्रोलमध्येही तेवढंच घाला.

औषध आणि डाय ज्यात विरघळवतात ते डीएमएसओ 18 अंशांच्या आसपास गोठतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात टेबलावर ते पाण्यासारखं असतं, फ्रिजमध्ये दगड. अर्धवट वितळलेल्यातून पिपेटने उचलू नका. एकेका वेळेपुरत्या बारीक कुप्या भरून ठेवा.

मेंदूच्या कापाचा फोटो काढताना बिनडायचा एक काप सोबत ठेवा, म्हाताऱ्या पेशींतलं लिपोफ्युसिन हे रंगद्रव्य स्वतःच चमकतं. आणि ऑटो-एक्सपोजर बंद. आजारी आणि निरोगी काप वेगवेगळ्या सेटिंगवर काढलेले असतील, तर ते माझ्याकडे आणूच नका.