जनावर दगावलं, पंचनामाही झाला, तरी मदत अडते कुठे? या चुका टाळा

सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीचं पाणी परंडा, माढा, मोहोळकडच्या गोठ्यांत शिरलं आणि कित्येक जनावरं दावणीलाच बुडाली. सरकारी मदतीचे दर आता सगळ्यांना पाठ आहेत: दुधाळ गाय-म्हैस ३७,५०० रुपये, ओढकामाचा बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००. मी दूध संकलनावर बसतो. दूध घालायला येणारे कागदही माझ्यासमोरच ठेवतात, आणि घोळ बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी झालेला असतो.

सगळ्यात मोठा घोळ कानातल्या बिल्ल्याचा. १ जून २०२४पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराला नैसर्गिक आपत्तीची भरपाई नाही. बिल्ला असूनही माणसं अडकतात, कारण गाय बाजारातून आणलेली असते आणि ऑनलाइन नोंद जुन्या मालकाच्या नावावर तशीच राहिलेली असते. गाय तुमची, दूध तुमचं, बिल्ल्यावरचे बारा आकडे मात्र दुसऱ्याचे! जनावर विकत घेतलं की त्याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन नाव बदलून घ्या. विकणारा एकदा गावाला गेला की फोन उचलत नाही, हा अनुभव आहे.

दुसरी चूक घाईची. वास सुटायच्या आत पुरायचं म्हणून लोक जेसीबी बोलावतात. पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही, फोटोही नाही. निदान तलाठी आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन करा. ते येईपर्यंत ओल्या फडक्याने बिल्ल्यावरचा चिखल पुसा आणि आकडे वाचता येतील असा जवळून फोटो काढा. मग पूर्ण जनावर आणि शेजारी मालक, असा दुसरा. आमच्याकडे एकाने आठ फोटो दाखवले. आठही पाठीकडून काढलेले, कान एकातही नाही.

वाहून गेलेल्या जनावराचं तर अंगच हाती नसतं. तिथे बिल्ल्याचा नंबर, लसीकरणाची नोंद, डेअरीची दूधबिलं आणि शेजाऱ्यांचे जबाब पंचनाम्यात घालायला लावा.

सही करण्याआधी पंचनामा वाचा. गाईच्या जागी ‘वासरू’ पडलं तर साडेसतरा हजारांचा फरक. घराला लागून असलेला गोठा पडला असेल तर त्याचे ३,००० वेगळे मिळतात. ती ओळ हमखास सुटते.

मदतीच्या निकषांत मोठ्या दुधाळ जनावरांना कुटुंबामागे तीनची मर्यादा आहे. २०२५च्या पॅकेजमध्ये सरकारने ती काढली होती, पण पुढच्या वेळी ते गृहीत धरू नका. आणि बिबट्याने मारलेलं जनावर नैसर्गिक आपत्तीच्या या मदतीत येतच नाही. त्यासाठी ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवायचं, धूड जागचं हलवायचं नाही.

यादीत नाव आलं, तरी पैसे आधारला जोडलेल्या खात्यात पडतात. पासबुक एका बँकेचं दाखवायचं, आणि रक्कम कधीकाळी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात, असं दर वेळी दोघा-तिघांचं होतं. केवायसी मागितली तर व्हीके नंबर, म्हणजे यादीतला आपला विशिष्ट क्रमांक, घेऊन आपले सरकार केंद्रावर जावं लागतं. जन्मभर धारा काढलेल्या बोटांचा ठसा मशीन चटकन घेत नाही. हात धुऊन, कोरडा करून दुसरं बोट लावून बघा.