‘टू कॉल अ स्पेड अ स्पेड’ कसे समजून घ्यावे आणि कोठे वापरावे

हा इंग्रजी वाक्प्रचार कानावर पडला, की आपल्याला आधी पत्त्यांतला इस्पिक आठवतो. तो बाजूला ठेवावा. येथे स्पेड म्हणजे जमीन खणण्याचे फावडे, आणि अप्रिय गोष्टीला गोंडस नाव न देता तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणे, हा याचा अर्थ.

तो मनात पक्का बसवण्यासाठी मुळाकडे जावे. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याची एक आठवण नोंदवून ठेवली आहे. आपले ऑलिंथस नगर फिलिपच्या हाती देणाऱ्या लॅस्थेनीजच्या माणसांनी गाऱ्हाणे मांडले, की राजाचे लोक आम्हाला फितूर म्हणतात; त्यावर फिलिप उत्तरला, की मॅसिडोनियाची माणसे पडली रांगडी, ती काथवटीला काथवटच म्हणतात. मूळ ग्रीक शब्द ‘स्काफे’, म्हणजे काथवटीसारखे खोलगट भांडे. इरॅस्मस या डच विद्वानाने हे वचन लॅटिनमध्ये आणताना तेथे खणण्याच्या अवजाराचा शब्द घातला. खणण्याशी संबंधित ग्रीक शब्द उच्चाराने जवळचे असल्याने ही गल्लत झाली असावी, असे मानले जाते. पुढे १५४२ साली निकोलस उडाल या इंग्रज लेखकाने इरॅस्मसच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ‘स्पेड’ रूढ झाला. भांड्याचे फावडे झाले, तरी फितुराला फितूर म्हणण्याचा गाभा टिकला, आणि मला तोच मोलाचा वाटतो.

म्हणून जेथे शब्दांनी काही झाकले जात आहे, तेथेच हा प्रयोग करावा. ठेवीदारांचे पैसे खाल्लेले असताना अहवालात ‘आर्थिक अनियमितता’ असे लिहिले असेल आणि सभेत कोणी उठून ‘हा अपहार आहे’ असे म्हणाले, तर तो प्रसंग नेमका या वाक्प्रचाराचा आहे. एखाद्याच्या रंगरूपावर फटकळपणे बोलणाऱ्याला मात्र तो लावू नये, आणि स्वतःची चूक कबूल करण्यासाठीही तो नाही.

अमेरिकेत विसाव्या शतकात पत्त्यांतील काळ्या रंगावरून ‘स्पेड’ ही कृष्णवर्णीयांसाठी शिवी झाली. वाक्प्रचार तिच्याहून कित्येक शतके जुना असला, तरी ऐकणाऱ्याला तो बोचू शकतो, त्यामुळे तेथील लोकांशी बोलताना ‘टू स्पीक प्लेनली’ म्हणणे बरे.

मराठीत आणताना ‘फावड्याला फावडे म्हणणे’ असे लिहू नये. ‘आडपडदा न ठेवता बोलणे’ किंवा ‘भीडभाड न ठेवता सांगणे’ हे आपले प्रयोग तेथे चपखल बसतात.